टोपीच्या घडीतला गळ

माझं डोकं मोठं आहे. हे मी मोठेपणाने सांगत नाही, मापाने सांगतो. बाजारातली टोपी माझ्या डोक्यावर बसत नाही, नुसती ठेवल्यासारखी राहते आणि वारा आला की निघून जाते. त्यात मला नाद गळ टाकून मासे धरायचा. हतनूरच्या धरणाचं पाणी आमच्या रावेरकडच्या शिवारापर्यंत पसरतं, त्या काठावर उन्हाळ्यात बसायचं म्हणजे डोक्यावर काहीतरी पाहिजेच. शिवाय माझा पक्का अनुभव आहे की टक्कल पाण्यात चमकतं आणि मासा ते बघून लांब जातो. शिकलेले लोक यावर हसतात. हसू द्या. त्यांनी मासे किती धरले ते विचारा.

शाळा माझी चौथीत सुटली, पण टोप्या मी बऱ्याच वापरल्या. पहिली खाकी होती, पुढे छज्जा असलेली. वरणगावच्या कारखान्यात कामाला असलेल्या एका दोस्ताने दिली होती. चांगली टिकली असती, पण एक दिवस मी आमिषासाठी गूळ घालून मळलेली कणीक तिच्यात ठेवली आणि बाभळीखाली आडवा झालो. जागा झालो तर एक शेळी कणीक खाऊन टोपीला लागली होती. छज्जा तेवढा उरला. वर शेळीची मालकीणच माझ्याशी भांडायला आली, की तुमच्या टोपीने माझ्या शेळीचं दूध आटलं.

दुसरी मुलाने पुण्याहून आणली. हिरवी, गोल, चहूबाजूंनी झालर, खिसे, हनुवटीखाली दोरी. खास मासे धरायचीच टोपी आहे म्हणाला. ती घालून मी गावातून निघालो की पारावरची माणसं विचारायची, "नाना, शिकारीचा हत्ती कुठे बांधला?" मी सरळ चालत राहायचो. पण दोरी मला गळ्याला फास लावल्यासारखी वाटायची, म्हणून बांधत नव्हतो. एका दुपारी वाऱ्याने टोपी पाण्यात नेली. मी म्हटलं, जा बाई. आणि झोपलो. ती तरंगत तरंगत खाली घाटापर्यंत गेली. तिथल्या बायकांनी ओळखली आणि बोंब उठली. मला जाग आली तेव्हा अर्धं गाव काठावर होतं, दोघं तिघं पाण्यात बांबूने शोधत होते. मी मागे जाऊन उभा राहिलो.

"काय झालं?"

पुढचा माणूस मागे न बघताच म्हणाला, "नाना गेले."

"चांगला माणूस होता का?"

"हट्टी होता."

असो.

तिसरी टोपी मात्र खरी माझी. साधी पांढरी, खादीची, टोकदार. तिच्यासाठी आधी आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. कोणतंही कार्य असो, आम्ही पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतो. हा मान. टॉवेल वापरात येतो. टोपी कोणी घालत नाही. फोटोपुरती डोक्यावर ठेवायची, मग घडी करून पिशवीत, आणि आपल्या घरच्या कार्यात दुसऱ्याला द्यायची. अशा टोप्या या गावाहून त्या गावाला हिंडत राहतात. मी एका लग्नात दिलेली टोपी, हळदीच्या डागासकट, चाळीसगावच्या पाहुण्यांनी मलाच परत घातली आहे.

तर अशाच कोणाच्या तरी लग्नात मला ही टोपी मिळाली आणि फोटो झाल्यावर ती डोक्यावरून हललीच नाही. अशी बसली की जशी माझ्या डोक्यावरच शिवली. दुसऱ्या दिवशी ती घालून काठावर गेलो तर एवढी मोठी मरळ लागली की काठी दोन्ही हातांनी धरावी लागली. तेव्हापासून दुसरी टोपी नाही. पुन्हा या टोपीला चहूबाजूंनी घडी असते. त्या घडीत मी माझं सगळं सामान ठेवायचो, दोरा, शिशाचे मणी, आणि डाव्या बाजूला आत कापडात रोवलेला एक गळ, नेहमी तयार. टोपीला बिडीने पडलेलं एक भोकही होतं. घरात तिला जागा नव्हती. ती गोठ्यातल्या खुंटीवर राहायची.

कारण आमची घरची, म्हणजे बायको, माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. मासा मी रानात, विहिरीजवळ तीन दगडांवर शिजवतो, तिथेच खातो, अंघोळ करून घरी येतो.

मागच्या वर्षी नातीला धुळ्याकडचं स्थळ आलं. पांझरा नदीच्या काठचं शेतकरी घर. मुलगा चांगला. नातीला तर इतका पसंत की त्याचा फोन आला की ती बोलत बोलत ओट्यावरून गच्चीवर आणि गच्चीवरून गोठ्यात जायची. पोरगी खुशीत होती आणि ती खुशीत असली की आमचं घर खुशीत असतं. त्या लोकांची एकच अट, घर शाकाहारी पाहिजे. नवरदेवाचे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणतात, गळ्यात माळ घालणारे, आणि या बाबतीत फार कडक, असा निरोप होता.

आमचं घर शाकाहारीच आहे. यात खोटं काही नाही. मी घर नाही, मी माणूस आहे. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

"तुम्हाला कोणी विचारणार नाही," घरची म्हणाली. "साखरपुडा होईपर्यंत मासा हा शब्द तोंडातून काढायचा नाही. पोरीचं जमलेलं मोडलं ना, तर त्या टोपीला चुलीत घालीन."

"टोपीचा काय संबंध?"

"तुम्हाला चुलीत घालता येत नाही म्हणून."

मी कबूल केलं. नातीसाठी.

साखरपुड्याच्या आधी सूनबाईने घर धुवायला काढलं. पडदे, चादरी, आणि त्याच झपाट्यात तिने गोठ्याजवळच्या दोरीवरून, खुंटीवरून जे पांढरं दिसलं ते उचललं. सोड्यात उकळलं, नीळ दिली, खळ दिली, कडक इस्त्री केली. माझी टोपी तिला टोपी वाटली, आणि घरात टोप्यांची जागा एकच, आहेराच्या पेटीत. दोरा आणि मणी उकळताना गेले असतील. गळ कापडात रोवलेला, वर खळ बसून चप्प झाला. ती पोर तरी काय करणार? आमच्या पेटीतली टोप्यांची निम्मी थप्पी जुनीच असते.

मी दोन दिवस टोपी शोधत होतो. विचारता येत नव्हतं, कारण विचारलं की मासा हा शब्द निघणार.

साखरपुड्याला धुळ्याहून दोन गाड्या आल्या. आबा उतरले. उंच, वाळलेले, आणि डोकं माझ्याएवढंच. मंडपात टॉवेल-टोपी सुरू झाली. माझ्या मुलाने आबांच्या हातात नारळ दिला, खांद्यावर टॉवेल ठेवला आणि डोक्यावर टोपी घातली. ती गच्च बसली. आबांनी हात लावून पाहिलं, आरशात बघितल्यासारखं तोंड केलं आणि आपली जुनी टोपी पिशवीत टाकली.

उजव्या कानाच्या वर बिडीचं भोक दिसलं. मी जागच्या जागी बसलो.

पांढरी, कडक, निळसर झालेली, पण माझीच. आणि डाव्या घडीत गळ. घरचीने माझं तोंड पाहिलं, माझी नजर कुठे आहे ते पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

मी दुसरी टोपी घेऊन आबांजवळ गेलो. "आबा, ती जरा डागाळलेली दिसते. ही नवी घ्या."

"ऱ्हाऊ दे नाना," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "सारा जनममा पहिल्यांदा टोपी बशी. हाई टोपी आते मनी शे." म्हणजे टोपी आता त्यांची झाली.

"पण तिला भोक आहे."

"हवा लागस."

ऊन चढलं. मंडपात माणसं घामेजली. सोड्याने डाग जातात, वास पूर्ण जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आधी मांजर आलं. आमचं मांजर माणसांच्या गर्दीत कधी येत नाही, पण ते सरळ आबांच्या खुर्चीखाली जाऊन बसलं आणि वर बघून ओरडायला लागलं. आबांनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "मांजर मोठं मायाळू शे तुनं," म्हणाले. घरची मध्येच पदर सावरत मांजराला उचलून घेऊन गेली. जाताना तिने फक्त चुलीकडे पाहिलं.

आता फक्त व्याहीभेट राहिली होती. ती झाली की पाहुणे जेवणार, जाणार, आणि पोरीचं पक्कं होणार. दोन्हीकडचे थोरले समोरासमोर येतात, छातीला छाती लावून भेटतात. मी पेटीतली एक टोपी डोक्यावर दाबून बसवली आणि आबांसमोर उभा राहिलो. वाजंत्री वाजली. मी बेताने, डोकं लांब ठेवून भेटायला गेलो, पण आबांनी मला ओढून घट्ट धरलं. खळ मोडली असणार, घडी उघडली असणार. काहीतरी खट् झालं आणि माझी टोपी आबांच्या टोपीला अडकली.

आबा मागे सरले, मी पुढे गेलो. मी मागे सरलो, आबा पुढे आले. लोकांना वाटलं प्रेम उतू चाललंय. फोटोवाला ओरडला, "तसंच राहा, तसंच राहा!"

"नाना," आबा माझ्या कानाशी म्हणाले, "तुनी टोपी मनी टोपीले सोडत नई."

"टोपी काढा मग."

"तू काढ."

"मी माझ्या मंडपात, भेटीच्या वेळी, उघड्या डोक्याने उभा राहू?"

"मी वरपक्षना. मी काढू?"

एकाने टोपी काढली असती तर काम झालं असतं. पण कोणी काढायची? तो काढेना, मी काढेना. चार लोक बघतात. वाजंत्री थांबली, परत सुरू झाली. माझ्या नातीला मी आबांच्या खांद्यावरून पाहिलं. मेंदीचे हात तोंडावर धरून उभी होती. ती हसत होती की घाबरली होती ते कळलं नाही. टोपी वर उचलून कोणी गळ पाहिला की संपलं.

तेवढ्यात घरची आली. आहेरातला मोठा टॉवेल तिने दोघांच्या डोक्यांवर टाकला. "घाम पुसा दोघं," मोठ्याने म्हणाली, "फोटोत चमकताय."

टॉवेलाखाली अंधार आणि माशाचा वास. आबांची बोटं माझ्या टोपीवर चाचपत आली.

"हाई काय शे?"

विचारलं तर सांगायचं, असं मी ठरवलं होतं. "गळ," मी म्हटलं.

आबांची बोटं चालूच होती. नवखा माणूस गळ मागे ओढतो आणि कापड फाडतो, नाहीतर बोट. आबांनी ओढला नाही. त्यांनी टोक हलकेच पुढे ढकललं, मागचा उलटा काटा कापडातून मोकळा केला, मग गळ वळवून काढला. कापडाचा एक धागा निघाला नाही. मी अंधारातही ते हात ओळखले.

"मरळना गळ शे हाऊ," ते पुटपुटले.

"आबा, तुमच्या गळ्यात माळ आहे."

"माळ आते शे. पांझरा पहिलेपाईन शे."

टॉवेल निघाला. दोघांचे डोळे ओले होते, वासाने असतील नाहीतर हसू दाबल्याने. सगळा मंडप म्हणाला, भेट असावी तर अशी. आबांनी गळ मुठीत धरला होता. तो त्यांनी कोणाच्या लक्षात न येता परत टोपीच्या डाव्या घडीत, बरोबर जागेवर रोवला, आणि जेवायला बसले.

जाताना मी त्यांना गाडीजवळ गाठलं. "आबा, माझी टोपी."

"मानमा भेटेल टोपी कोनी परत देस का?"

आणि गाडी गेली.

लग्न झालं, नात सुखात आहे. मी मात्र तीन टोप्या बदलल्या. एक उडाली, एक उडाली, तिसरी मीच फेकली. मरळ एकदाही लागली नाही. टोपीमुळे, असं मी म्हणत नाही. पाणी कमी होतं.

परवा नातीला भेटायला धुळ्याकडे गेलो. सकाळी आबा म्हणाले, चल, नदीवर हवा खाऊन येऊ. मी काठी पिशवीत गुंडाळून नेली होती, ती त्यांना कशी दिसली कोण जाणे. काठावर मी उघड्या डोक्याने गळ टाकला. आबा शेजारी बसले, माझी टोपी घालून. गळाला हात लावत नाहीत, मासा खात नाहीत. माळ घालताना सोडलं ते सोडलं. पण काठावर टोपी घालून बसू नये असं काही माळेत नाही, असं त्यांचं म्हणणं. नातीने थर्मासमधून चहा आणून दिला आणि घरी जाऊन सांगितलं की दोघं गप्पा मारताहेत.

थोड्या वेळाने काठी वाकली. मरळ. चांगली हातभर. मी तिला काठावर घेतली, आबांनी मान तिरपी करून डोळे भरून पाहिली, मग मी ती पाण्यात सोडली, कारण नातीच्या सासरी ती कुठे शिजवणार?

"तुनं टक्कल दखीसन उनी," आबा म्हणाले.

मी म्हणणार होतो, टक्कल बघून मासा येत नाही, लांब जातो. पण मग ती कशामुळे आली, हे आबांनी विचारलं असतं. त्यांच्या डोक्यावर माझी टोपी होती. ते विचारायचीच वाट बघत होते, हे मला त्यांच्या मिशीवरून दिसत होतं.

"ऊन फार शे," ते म्हणाले. "टोपी पाहिजे का तुले?"

"नको," मी म्हटलं, आणि गळाला नवं गांडूळ लावलं.