प्रदक्षिणेवरचं छत

देऊळ समितीच्या त्या बैठकीत मी खोटं बोललो. वस्तीच्या नव्या देवळाचा नकाशा पहिल्या रेघेपासून माझा होता, आणि तो मी दुसऱ्याच्या अंगावर ढकलला.

गाभारा आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांसारखा काळ्या दगडाचा, वर उत्तरेकडचं उंच शिखर आणि भोवती दक्षिणेकडच्यासारखी खांबांवर छत असलेली प्रदक्षिणेची वाट, असं मी काढलं होतं.

"काहून गा, देऊळ काढलं का खिचडी मांडली?" अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. "हे खांब-गिंब कोणाच्या डोक्यातून निघाले?"

मी शेजारच्या तेलुगू काकांकडे बघितलं. "काकांची फार इच्छा होती," म्हणालो.

"आता देवालेही आंध्रात नेऊन राहिले का काका?" मागून कोणीतरी बोललं.

काकांचा जन्म नागपूरचा, नोकरी इथल्याच रेल्वेत.  ते चपला घालून निघून गेले आणि त्या दिवसापासून आरतीला येईनासे झाले. अध्यक्षांनी मला खांब काढून नवा नकाशा आणायला सांगितला.

खिचडी तर खिचडी. आत्ताच्या पत्र्याच्या देवळाभोवतीच्या उघड्या फरशीवर उन्हाळ्यात पाय भाजतात म्हणून ओली पोती अंथरावी लागतात. ती घडीभरात वाळतात. अध्यक्ष स्वतः त्या पोत्यांवरून उड्या मारत प्रदक्षिणा घालतात. म्हाताऱ्या बायका दारातूनच हात जोडून परततात. सावली दक्षिणेकडून आणली म्हणून देव बाटतो का? दगड इथला, ऊन इथलं, पाय इथले. एवढं बोलायची त्या दिवशी माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या बैठकीआधी काकांच्या दारात गेलो, बैठकीला चला म्हणालो.

"मी येऊन काय करू?" ते म्हणाले. "पुन्हा हसतीन लोक."

"यावेळी माझ्यावर हसू द्या."

ते आले, पण दाराशीच बसले. मी तोच जुना नकाशा टेबलावर पसरला.

"अरे, खांब तसेच हायेत की!" अध्यक्ष म्हणाले.

"तसेच राहतीन. ते माझे आहेत. काकांनी मले कधी एक शब्द सांगितला नव्हता. पटत नसल तर दुसरा आर्किटेक्ट पाहा, मी एकही खांब काढणार नाही."

कोणी हसलं नाही. मी दाराकडे वळलो.

"काका, मी घाबरून तुमचं नाव घेतलं. तुमच्याच वस्तीत तुमाले परकं केलं. माफ करा मले."