मेक्सिकोची नोट

कोऱ्या नोटेचा वास आला की मला देवासचं आमचं क्वार्टर आठवतं. बाबा नोटांच्या छापखान्यात होते. गेटवर रोज झडती व्हायची, म्हणून घरी आल्यावरही ते सवयीनं दारातच खिसे उलटे करायचे. नव्वदच्या दशकात एकदा धारहून मामा आले. ते शाळेत शिकवायचे आणि जुन्या नोटा जमवायचे. चहा झाल्यावर त्यांनी एक मळकट नोट काढली, मेक्सिकोच्या क्रांतीत एका प्रांतानं छापलेली. बाबांनी ती उजेडात धरली, तिच्यावर नख फिरवलं, हुंगली. "वॉटरमार्क नाही, शाई फुटलीय. खोटी आहे." मामा हसले, "खरी आहे, भावोजी. लढाईत कसला वॉटरमार्क? जिंकलो की बदल्यात पैसे देऊ, एवढाच वायदा." "जिंकले का?" "नाही." "मग खोटीच," म्हणत बाबांनी खिडकी लावून घेतली. छापखान्यातल्या माणसाच्या घरात असली नोट कुणी पाहिली तर? मामा निघाले तेव्हा बाबा छापखान्याच्या गेटवरच्या शिपायासारखे दारात आडवे उभे राहिले. "भिया, जेब दिखाओ." आई ओशाळली. मामा म्हणाले, "अहो, पाहुण्यानं काही नेलं तर नाही ना, हे लोक बघतात. तुम्ही मात्र, मी काही ठेवून तर जात नाही ना, हे बघताय!" नोट खिशात दिसली तेव्हाच बाबा बाजूला झाले. पुढे कितीतरी वर्षांनी, एका रात्री टीव्हीवर मोठ्या नोटा बंद झाल्याचं सांगितलं. निवृत्त बाबांनी पाकिटातली पाचशेची नोट काढली, उजेडात धरली, तिच्यावर नख फिरवलं, हुंगली. सगळं बरोबर होतं. मग त्यांनी हळूच मला विचारलं, "तुझ्या मामाकडे ती नोट आहे का गं अजून?"