स्क्वॉलिड घराण्याचा जावई

आता हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा आधी चहा संपवून टाका. माझ्या इंग्रजीपायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं, त्याची ही हकीकत.

सत्तरच्या दशकातले दिवस. सोलापुरात एका मिलच्या ऑफिसात मी कारकून होतो, खोली घेऊन एकटाच राहायचो. अक्कलकोटची एक मुलगी बघून आलो, गिरिजा. लई आवडली! पण तिचे वडील हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर. मग पत्र इंग्रजीतच धाडायला नको?

घर छान होतं हे कसं लिहायचं? 'सॉलिड' तेव्हा कॉलेजातली पोरं उठताबसता म्हणायची. मास्तरांना तसलं कसं लिहिणार? तेवढ्यात इंग्रजी पेपरात वाचलेला 'स्क्वॉलिड' आठवला. मला वाटलं, सॉलिडचाच हा सुटाबुटातला थोरला भाऊ! डिक्शनरी बघावी? छे! बीए झालेल्या माणसानं?

दिलं ठोकून! 'आपलं स्क्वॉलिड घर पाहून धन्य झालो. आपल्या स्क्वॉलिड घराण्याचा जावई व्हायला उत्सुक आहे.'

पुढच्या रविवारी सकाळीच दारावर थाप. बघतो तर मास्तर! एका हातात माझं पत्र, दुसऱ्या हातात विटेएवढी डिक्शनरी.

मी घाईघाईनं खाटेवरच्या पसाऱ्यावर चादर टाकली. "बसा ना, सर."

ते बसले. चादरीखाली ताट वाजलं.

"काय हो, आमच्या घरात घाण कुठं दिसली तुम्हाला?"

"घाण? नाही, सर!"

"मग ह्या शब्दाचा अर्थ काय?"

"सॉलिडपेक्षा... जास्त सॉलिड."

मास्तरांनी डोळे मिटले. मग चष्मा पुसला आणि तासच सुरू केला. "लॅटिनमधनं आलाय हा. मूळ अर्थ खरबरीत, मळाची पुटं चढलेलं. आता म्हणतात ते कुणी लक्षच न दिल्यामुळं गलिच्छ झालेल्या जागेला. नुसती घाण नव्हे, घाण आणि वर हयगय!"

मी कान पकडले. "सर, चुकलो. गिरिजाताईंना वाईट वाटलं का हो?"

"ताई?" मास्तर दचकले. "अहो, ती पोट धरून हसली की! म्हणाली, अप्पा, माणूस वाईट नाही, शब्द चुकलाय. जाऊन बघून या."

म्हणून ते बघू लागले. काजळीनं माखलेला स्टोव्ह. कोपऱ्यात आठवड्याची खरकटी भांडी. पडद्याऐवजी खिडकीला बनियन. वर जळमटं. बघता बघता त्यांचा चेहरा असा खुलला, जणू अवघड शब्दाला वर्गातच उदाहरण सापडलं!

"शब्द बरोबर आहे की!" ते म्हणाले. "नुसता पत्ता चुकलाय."

महिन्याभरात लग्न झालं. रुखवतात लाडू-चकल्यांच्या मधोमध एक कोरी केरसुणी मांडलेली. सगळा मांडव विचारतोय, हे काय? मला वाटलं, नव्या नवरीच्या संसाराला दिली असेल. तेवढ्यात गिरिजा माझ्याकडं झुकून हळूच म्हणाली, "नीट बघून घ्या हं. ती तुमच्यासाठी आहे."