बाई आजारी असल्याची बातमी

माझ्या पियानोच्या बाई मूळच्या तेहरानच्या. लहानपणीच अमेरिकेत गेल्या, तिथे शिकल्या, पुष्कळ वर्षं देशोदेशी मैफली केल्या आणि मग शिकवण्याच्या ओढीने सिंगापूरला आल्या. बुओना व्हिस्टातल्या एका संगीतशाळेत त्या मुलांना शिकवत. बँकेतून धावत येणारी मी त्यांची एकटीच मोठी विद्यार्थिनी. आम्ही इंग्रजीत बोलायचो, पण मनात मी त्यांना बाईच म्हणे.

संचालकांना परीक्षेतले मार्क हवे असत. वार्षिक कार्यक्रमासाठी बाईंनी मुलांकडून एक इराणी अंगाई बसवून घेतली होती. संचालकांनी ती आदल्या दिवशी काढून टाकली. बाई पालकांसमोरच म्हणाल्या, "तुम्हाला संगीत नको आहे, सर्टिफिकेटं हवी आहेत." लगेच त्यांची नोकरी गेली.

त्या शनिवारी मी त्यांना पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला घेऊन गेले. चढावर मी धापा टाकत होते आणि बाई केव्हाच वर पोचल्या होत्या. मी पोचले तेव्हा त्या फोनकडे बघत उभ्या होत्या.

"मी आजारी आहे," त्या म्हणाल्या.

"काय होतंय?" मी घाबरून विचारलं.

"मला काय माहीत? हे बघ." पालकांचे मेसेज होते. लवकर बऱ्या व्हा, हातांची काळजी घ्या. बाईंचे हात थरथरतात, म्हणून त्यांनी शिकवणं सोडलं, असं संचालकांनी सगळ्यांना कळवलं होतं.

पियानो वाजवणाऱ्या बाईच्या हातांबद्दल असं बोलायचं! माझं डोकं फिरलं. "वकील करू या. जाहीर माफी मागू दे त्याला," मी म्हटलं.

बाई सायकलवर बसल्या. "माफी त्याच्याजवळच राहू दे. मला त्याचे विद्यार्थी हवेत."

मग मी कामाला लागले. एक छोटा हॉल घेतला आणि एकेका पालकाला फोन केला. आजाराबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त म्हटलं, बाई वाजवणार आहेत, या. संचालकांना पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवली. लोक काय म्हणतील या भीतीने ते आले.

बाईंनी दोन्ही हात वर करून प्रेक्षकांना दाखवले. "या हातांची तुम्ही फार चौकशी केलीत. आज तेच उत्तर देतील."

त्या दुपारी त्यांनी एकही सोपी रचना घेतली नाही. बोटं अशी पळत होती की शेजारच्या मराठी काकू "अगं बाई!" म्हणून माझा हात घट्ट धरून बसल्या. मी मात्र संचालकांकडेच बघत होते. त्यांचे कान लाल होत गेले. शेवटी बाईंनी अंगाई वाजवली, आणि मुलं जागेवरूनच गुणगुणू लागली. कार्यक्रम संपल्यावर एक वडील संचालकांना मोठ्याने विचारत होते, "थरथरतात म्हणालात ना?" संचालक घाईने दाराकडे निघाले.

वर्ष संपायच्या आत निम्म्याहून जास्त मुलं बाईंच्या पासिर रिसच्या फ्लॅटवर यायला लागली. संचालकांनी परत या म्हणून निरोप पाठवला. बाईंनी तो मला वाचून दाखवला, पुसून टाकला आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

सूड घेऊन मनाला शांती मिळत नाही, असं लोक सांगतात. मला मिळाली. कधीकधी ऑफिसातून घरी जाताना मी मुद्दाम बुओना व्हिस्टाला उतरते, त्या शाळेच्या काचेतून रिकाम्या खोल्या बघते आणि मग पुढची गाडी पकडते.