मुंबई लाव रे

जुना रेडिओ तापून धुळीचा वास सुटला, की मी साठच्या दशकातल्या, कतारच्या दोहा शहरातल्या आमच्या खोलीत जाऊन बसतो. कामाला आलेले आम्ही सगळे रत्नागिरीकडचे, रेडिओ एकच, माझा. त्या संध्याकाळी कुठल्याशा लष्कराचे मोर्सच्या टिकटिकीतले संदेश लागले होते. ते कोणाचे, हे ओळखायचा मला भारी नाद.

"यल्ला, चल, आता मुंबई लाव रे. गावाकडे वादळ आहे म्हणतात," हसनचाचा म्हणाले. त्यांचा मुलगा मचव्यावर, समुद्रात होता.

"थांबा हो चाचा, आत्ता कळेल."

तोवर मुंबईच्या बातम्या संपल्या. मचवा मुलासकट बुडाल्याचं चाचांना आठवड्याने, गावाहून आलेल्या माणसाकडून कळलं.

पुढे एकदा ते रेडिओजवळ येऊन बसले. म्हणाले, "त्या दिवशीचे ते संदेश कोणाचे होते, कळलं का रे?"

कळलं नव्हतं. अजून नाही.