दुसऱ्याचं काम पुढे नेताना

भावाच्या घरी राहणाऱ्या तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. कॉलेजात ती शेवटच्या वर्षाला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवायची. मुलं गटागटाने प्रोग्रॅम लिहायची, आपल्याच लॅपटॉपवर चालवून दाखवायची आणि भरघोस मार्क घेऊन जायची. विभागप्रमुख खूश, पालक खूश.

मग एक जुनी विद्यार्थिनी नोकरी सोडायच्या बेतात भेटायला आली. "मॅडम, तिथे पहिल्याच दिवशी दुसऱ्या कुणाचं अर्धवट काम गळ्यात मारलं. आम्ही तर कायम स्वतःचंच लिहिलेलं. कुठून हात घालावा तेच कळेना."

मास्तरीणबाईच्या ते जिव्हारी लागलं. या सत्रात तिने अर्ध्यावरच फर्मान काढलं: आपलं काम शेजारच्या गटाला द्यायचं, त्यांचं आपण पुढे न्यायचं. मार्क मिळणार ते दुसऱ्याचं काम किती पुढे नेलं त्याचे.

वर्गात एकच गिल्ला झाला. विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. "सरासरी घसरली, तर पुढच्या वर्षी हा विषय तुमच्याकडे राहणार नाही, मॅडम."

वहिनीने ताट वाढता वाढता विचारलं, "काय गं, तोंड का एवढंसं?"

"विषय जाईल गं वहिनी."

"मग घे ना फर्मान मागे!"

"घेतलं तर ही मुलंही तशीच कोरी बाहेर पडतील."

"मग देवाचं नाव घे आणि जेव. हट्टच करायचाय तर पोटभर जेवून कर."

पहिल्या तपासणीत बहुतेकांचा प्रोग्रॅम सुरूच होईना. मार्क मास्तरीणबाईने तसेच कमी लिहिले, पण एक सवलत दिली. आठवड्याने पुन्हा तपासणी, आणि त्यातले थोडे मार्क ज्यांनी मूळ काम लिहिलं त्यांनाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलं व्हरांड्यात लॅपटॉप मांडून बसली. विभागप्रमुख जाता जाता थबकले. "भांडण आहे का?"

"नाही सर," एक मुलगी म्हणाली, "याने काय लिहून ठेवलंय ते यालाच आठवत नाहीये. आठवेपर्यंत सोडत नाही मी त्याला!"

सर हसले, आणि तिथेच उभे राहून ऐकू लागले.

दुसऱ्या तपासणीत बरेच प्रोग्रॅम चालले, तरी सरासरी गेल्या वर्षीपेक्षा कमीच आली. मास्तरीणबाई त्या विषयाची पुस्तकं पिशवीत भरत होती, तेवढ्यात विभागप्रमुख दारात आले.

"पुढच्या वर्षी ही अदलाबदल जरा लवकर करा. पोरांना वेळ मिळायला हवा."

"म्हणजे विषय माझ्याकडेच?"

"मग ही कटकट दुसरं कोण अंगावर घेणार?"

घरी आल्यावर तिने आधी देवापुढे हात जोडले, मग स्वयंपाकघराकडे वळून हाक दिली, "वाढ गं वहिनी, भूक लागलीय."