अमावस्या लागायच्या आत

१९५३ साली मी एकोणीस वर्षांचा होतो आणि गंगाक्का, माझी थोरली बहीण, बावीसची. गेल्या महिन्यात ती गेली. सकाळी माझी सून तिला चहा द्यायला गेली आणि भरला कप घेऊन तशीच परत आली... मला कळलं. माझी शाळा तीन यत्ता, तीही निजामाच्या काळातली, उर्दूतली. पण अक्कावर दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चालणार नाही, म्हणून मीच लिहितोय.

गुलबर्ग्याकडच्या आळंदपासून जवळच आमचं गाव. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून अक्का आमच्याकडे आलेली. दिवस भरले ते नेमके वेळाअमावस्येच्या तोंडावर. आमच्या भागात हा सण दिवाळीहून मोठा. सगळं गाव ताकातली ज्वारीची अंबील आणि शेंगभाज्यांची भज्जी घेऊन रानात जेवायला जातं. पण तिच्या सासऱ्यानं सांगावा धाडला, "अमावस्येचं लेकरू बापाच्या मुळावर येतंय. त्याच्या आत झालं तर बाळंतिणीला नेऊ, न्हाईतर तुमच्याकडंच ठेवून घ्या." आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं. मुहूर्त मानत नाही, सुतक धरत नाही, असं चारचौघांत सांगायचं... आणि अप्पा त्या एका सांगाव्यानं हलले. लेकीचं घर मोडेल म्हणून हलले.

आदल्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. दुपार कलली तरी लेकरू येईना, आणि दिवेलागणीला अमावस्या लागणार. अप्पा आळंदला जाऊन कंपाउंडरला गाडीत घालून घेऊन आले. त्यानं आईची अंबिलीची पितळी पातेली मागून घेतली आणि काचेची पिचकारी, सुई तीत उकळली. मलव्वा सुईण दारात आडवी आली. "वाट उघडली न्हाई अजून. कामून घाई करायलाव?"

"घबराओ नक्को अम्मा, एक सुई में काम हो जाता," तो हसत म्हणाला.

ती कळा वाढवायची सुई होती. वाट उघडायच्या आधी दिली की काय होतं, ते आम्ही ओसरीत बसून ऐकलं. कळेला कळ चिकटली, मधे दम घ्यायला फट राहिली नाही. लेकरू अमावस्या लागायच्या आत आलं. निळं आलं, मेलेलं. अक्काचं रक्त थांबेना. अप्पांनी तिला गाडीत घालून गुलबर्ग्याला नेलं. ती वाचली, पण पिशवी काढावी लागली. लेकराला आम्ही रानात बोरीच्या बांधाला पुरलं.

निरोप द्यायला मला सासरी धाडलं. सासरा दारातच उभा होता.

"अमावस्येच्या आत झालं न्हवं?"

"व्हय. आत झालं."

"पावला देव! पोरगं का पोरगी?"

"मेलेलं," म्हणालो, आणि त्या घरचं पाणीसुद्धा न पिता फिरलो.

पुढं नवरा न्यायला आला. अक्का उंबऱ्याबाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "लेकरू जित्तं हाय का मेलंय, ते कुणी विचारलं न्हाई. अमावस्या विचारली. आता तिलाच नांदवा, जावा."

मग सगळा जन्म ती आमच्याच घरी राहिली. माझी पोरं तिच्या मांडीवर वाढली. ती पातेली आई मोडीत घालणार होती, तर अक्कानं हातातून काढून घेतली. "तिचं काय चुकलं? तिनं पाणी उकळलं." दर वेळाअमावस्येला पहिली अंबील त्याच पातेलीत, बोरीच्या बांधावर, त्यानंतर पाच दगड मांडून पांडवांची पूजा, मग पंगत. भुकेनं कुणी कुरकुरलं की ऐकवायची, "लेकराला अमावस्या वाईट, आन् वर्षाचं मोठं जेवण अमावस्येलाच जेवता न्हवं? मग गप बसा."

तिला माती कुठं द्यायची, यावर पोरं दुसरी जागा सुचवत होती. मी ऐकलं नाही. बोरीच्या बांधालाच दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला म्हणालो, "अंबील कर."

"मामा, आज कुठली अमावस्या?"

"कुठली न्हाई. कर."

पातेली घेऊन चालत रानात गेलो. आधी लेकराला ओतली, मग अक्काला. उरली ती तिथंच बसून प्यालो.